एका ठिपक्याचा प्रश्न

नवा लॅपटॉप घरी आणून सुरू केला, तर पडद्याच्या मधोमध एक ठिपका कायमचा काळा! विक्रेता म्हणाला, "साहेब, एवढे नियमात बसते." कोणाच्या नियमात? फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. त्यांतले किती निकामी चालतील, हे निर्माता ठरवतो. ग्राहकाला ते पैसे मोजल्यावर कळते. तपासणीशिवाय माल स्वीकारू नये, हा शासकीय खरेदीचा दंडक आहे. मग नागरिकानेच डोळे का मिटावेत? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. परप्रांतातल्या मराठी माणसाने हे विसरू नये. माझे म्हणणे एवढेच: ही मर्यादा खोक्यावर छापा, नाहीतर माल परत घ्या.