विश्लेषण : ‘सायकी’ची इंजिने थांबली, तेव्हा काय पणाला लागले होते?

‘नासा’च्या ‘सायकी’ यानाची विद्युत इंजिने २०२५ मध्ये एप्रिलच्या सुरुवातीला आपोआप बंद झाली. इंधन असलेल्या झेनॉन वायूच्या नळीतील दाब अचानक उतरला होता. तपासाअंती संशय एका झडपेवर आला. अखेर पर्यायी नळी वापरात आणून जूनच्या मध्यापर्यंत इंजिने पुन्हा सुरू झाली. मार्ग न बिघडवता थांबण्याची मुदतही साधारण तेवढीच होती!

इतकी घाई का?

या इंजिनात सौरऊर्जेवर झेनॉनचे अणू विद्युतभारित करून प्रचंड वेगाने मागे फेकले जातात. मिळणारा रेटा जास्तीत जास्त २४० मिलिन्यूटन, म्हणजे तळहातावर दहा रुपयांची तीन नाणी ठेवल्यावर जाणवेल तेवढाच. मात्र तो महिनोन्महिने मिळत राहिला की वेग साठत जातो आणि इंधनही रासायनिक इंजिनापेक्षा खूप कमी लागते. अडचण अशी, की बुडालेले दिवस एका जोरदार धक्क्यात भरून काढता येत नाहीत.

लघुग्रहाजवळून नुसते जाऊन का भागत नाही?

विश्वकिरण लघुग्रहावर आदळले की तिथल्या अणूंतून न्यूट्रॉन आणि गॅमा किरण बाहेर पडतात. लोह, निकेल, सिलिकॉन अशा प्रत्येक मूलद्रव्याच्या गॅमा किरणांची ऊर्जा वेगळी असते. त्यावरून कोण हजर, कोण गैरहजर ते कळते. पण हे किरण मोजकेच असल्याने जवळच्या कक्षेत आठवडेच्या आठवडे मोजणी करावी लागते. तिथे थांबायचे, तर आधी वेग जुळवायला हवा. ते काम पुन्हा इंजिनाचेच. आयन इंजिनाच्याच बळावर ‘डॉन’ यान वेस्टा आणि सेरेस या दोघांभोवती फिरले आणि सेरेसच्या मातीतील हायड्रोजनवरून त्याने तिथल्या बर्फाचा माग काढला.

मग त्या अब्जावधींचे काय?

सायकी लघुग्रहातील धातू विकून पृथ्वीवरचा प्रत्येक जण अब्जाधीश होईल, असे संदेश फिरतात. ही मोहीम खाणकामाची नाहीच. शिवाय लघुग्रहाची अंदाजित घनता घनसेंटिमीटरला सुमारे ४ ग्रॅम आहे, लोखंडाची जवळपास ८. म्हणजे त्यात खडक मिसळलेला असावा किंवा तो पोकळ्यांनी भरलेला असावा. एखाद्या फुटलेल्या ग्रहाचा हा गाभा आहे का, याचे उत्तर शोधायला गॅमा किरणांची मोजणी मदत करू शकते.

मे २०२६ मध्ये मंगळाजवळून जाऊन ऑगस्ट २०२९ मध्ये यान तिथे पोहोचण्याचे नियोजन आहे. तोवर सगळा भार पर्यायी नळीवर.