बुरशी लठ्ठ कशाने होते?
जबलपूरच्या गोहलपुरात काय नि पुण्यात काय, पावसाळ्यात पावावर बुरशी आली की गृहिणी तो फेकून देते. ते योग्यच, ती विषारी असू शकते. पण बुरशीचे काही प्रकार मुद्दाम टाकीत वाढवून त्यांचे तेल काढतात! सगळी करामत खुराकाची. साखर आणि नत्र दोन्ही मिळाले की बुरशी नुसती वाढते. नत्र संपले नि साखर भरपूर उरली, की वाढ खुंटते आणि साखरेची चरबी होऊन साठते. इंग्लंडमध्ये सेल्बी येथे १९८५ साली असे तेल विक्रीसाठी निघाले, पण वनस्पतीचे तेल स्वस्त पडल्याने १९९० मध्ये ते बंद झाले. आता ‘मॉर्टिएरेला अल्पिना’ या बुरशीचे तेल तान्ह्या बाळांच्या काही दूध पावडरींत घालतात. आईच्या दुधातले एक स्निग्धाम्ल त्यातून बाळाला मिळते.