बक्षीस काढा, मग खेळून दाखवा

बीजीएमआय हा मोबाइल गेम अजून खेळण्याच्या लायकीचा राहिला आहे का, असं आमच्या स्क्वॉडमध्ये विचारलं की ठरलेलं उत्तर येतं : "भाऊ, आता सोडते का? एवढे वर्ष घातले ना आपण!" आमच्याकडे लाखनी, पवनी, तुमसर, कुठल्याही पानठेल्यावर हेच ऐकाल. मला या उत्तराची चीड आहे. घातलेली वर्षं खेळाच्या बाजूने साक्ष कशी देतील? सीझन बदलला की रँक घसरतो. क्राऊन रँकला पोचलेला पोट्टा पुन्हा खालून चढायला लागतो. जी कमाई जपायची म्हणून आपण खेळत राहतो, ती कंपनी आपल्याच हाताने पुसते आणि आपण तिच्याच दारात पुन्हा रांग लावतो.

खेळ वाईट नाही. एरांगेलच्या आठ किलोमीटर लांबरुंद नकाशावर १०० जण उतरतात, वर्तुळ आवळत जातं, शेवटच्या झोनमध्ये बुटीबोरीला कामाला गेलेला मित्र कानात ओरडतो, "स्मोक टाक!" ही मजा खरी आहे, आणि अर्ध्या तासात ती संपते. संपायलाच हवी. पण त्या अर्ध्या तासाभोवती काय काय उभं केलं आहे ते पाहा. रोज उघडल्याचं बक्षीस, रोजचं मिशन, पैसे भरून घेतलेला रॉयल पास, तो वाया जाऊ नये म्हणून मध्यरात्रीपर्यंतची धावपळ. यात खेळ कुठे आहे? ही बिनपगारी हजेरी आहे. दिवाळीनंतर आमच्याकडे मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, रात्रभर नाटक चालतं, पहाटे पडदा पडला की माणसं घरी जातात. उद्या आला नाहीस तर आजचं पाहिलेलं बाद, असं कुठलीही नाटकमंडळी प्रेक्षकाला सांगत नाही.

सरकारने या दुखण्याला हात घातलाच नाही. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी बंद झाला तो देशाच्या सुरक्षेच्या आणि डेटाच्या कारणावरून. जुलै २०२१मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून आला, जुलै २०२२मध्ये स्टोअरवरून गेला, मे २०२३मध्ये परतला. परतताना १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास आणि मोठ्यांना ६ तास अशी मर्यादा घातली गेली. सहा तास! धान रोवण्याच्या दिवसांत तेवढ्या वेळात बांधीत वाकलेल्या बाईची जवळजवळ अख्खी रोजी होते. याला मर्यादा म्हणायला जीभ कशी रेटते? ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलं केलं. पण भरतीची जाहिरात निघायची वाट पाहत बसलेल्या आमच्या पोट्ट्यांच्या खिशात पैसा असतोच किती? त्यांच्याकडे वेळ आहे, आणि तो उघड्यावर लुटला जातो आहे.

कुणी म्हणतं, यात करिअर आहे. कंपनीने २०२२मध्ये स्वतःच जाहीर केलं की नोंदणी केलेले खेळाडू दहा कोटींवर गेले. कॉन्करर या सगळ्यात वरच्या रँकला पोचतात सर्व्हरवरचे पहिले ५००. आणि तिथे टिकायचं तर रोज खेळावं लागतं, कारण मागचा थांबत नाही. दहावी-बारावीच्या मुलाला ही वाट दाखवणारा माणूस त्याचा हितचिंतक नाही.

म्हणून मी एकच कसोटी मानतो. रँक नको, पास नको, हजेरीचं बक्षीस नको. चौघांनी नुसतं उतरायचं आणि एक डाव खेळायचा. तरीही फोन उचलावासा वाटतो का? वाटत असेल तर खुशाल खेळा, मी आडवा येणार नाही. या पावसाळ्यात आमच्या स्क्वॉडला मी तेच सुचवलं, रँक सोडून अनरँक्ड खेळू. एकाने लगेच विचारलं, "पॉइंट भेटत नाही त कायला खेळाचं?" बाकीचे त्याच्याच बाजूने बोलले. एवढी वर्षं ज्याला आम्ही मजा म्हणत होतो, त्याच्यासाठी चौघांतले तिघे अर्धा तासही द्यायला तयार नव्हते. मी त्याच रात्री गेम फोनमधून काढला. स्क्वॉडला सांगून ठेवलं आहे : बोलायचं असेल तर फोन लावा, साकोलीला येऊन भेटा, पण पुढच्या सीझनला मला धरू नका.