टाळ्यांचे मानकरी आणि हक्कांचे धनी

अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये प्रदर्शित झालेल्या 'सिनर्स' या चित्रपटाच्या तिकीटबारीवरील यशाची चर्चा पुष्कळ झाली. त्या यशाहून महत्त्वाची गोष्ट मात्र चित्रपटाच्या करारनाम्यात आहे. दिग्दर्शक रायन कूग्लर यांनी वॉर्नर ब्रदर्स या कंपनीकडून एक अट मान्य करून घेतली. पंचवीस वर्षांनंतर या चित्रपटाची मालकी कंपनीकडून दिग्दर्शकाकडे यावी, अशी ती अट आहे. ही बातमी पसरताच हॉलिवुडमधील काही धुरीण अस्वस्थ झाले आणि अशाने चित्रसंस्थांचा पायाच खचेल, असा सूर उमटला. क्वेन्टिन टॅरंटिनो या गोऱ्या दिग्दर्शकाने यापूर्वी साधारण याच स्वरूपाचा करार मिळविला होता, याची आठवण त्यामुळे अनेकांनी करून दिली.

चित्रपटाचे कथानकही या अटीशी सुसंगत आहे. १९३२ सालातील मिसिसिपी राज्यात दोन जुळे कृष्णवर्णीय भाऊ एक जुनी गिरणी विकत घेऊन आपल्या लोकांसाठी गाण्याबजावण्याचा अड्डा सुरू करतात. तेथे एका तरुण गायकाचे गाणे ऐकून रक्तपिपासू पिशाच्चे दाराशी येतात. त्यांना रक्ताइतकीच त्या गाण्याचीही तहान आहे. हे रूपक अमेरिकन कृष्णवर्णीय प्रेक्षकाला कोणी समजावून सांगावे लागत नाही. त्यांच्या कलावंतांचा दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहासच त्यात सामावलेला आहे.

मुखवट्याखालचा चेहरा

या इतिहासाचा आरंभ एका विडंबनाने होतो. १८३०च्या सुमारास थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काळे फासून, फाटके कपडे घालून, कृष्णवर्णीय गुलामाची नक्कल करीत रंगमंचावर नाचू लागला. त्याच्या 'जिम क्रो' या सोंगाला अमाप लोकप्रियता मिळाली. पुढे दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे आले, तेव्हा त्यांनाही लोकांनी हेच नाव दिले. करमणुकीतला शब्द असा कायद्याला चिकटला. सोंगाला हसणारा समाज त्या सोंगाला सत्य मानू लागला, की कायदा करणाऱ्यांचे काम सोपे होते.

यातील क्रूर विनोद पुढेच आहे. खऱ्या कृष्णवर्णीय नटांना रंगमंचावर प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनाही तोंडाला काळे फासूनच यावे लागले. बर्ट विल्यम्स हा त्या काळातील थोर विनोदी नट. १९०३ मध्ये 'इन दहोमे' या संगीतिकेद्वारे तो ब्रॉडवेवर झळकला. त्याची स्वतःची कातडी उजळ होती. प्रेक्षकांना कृष्णवर्णीय माणसाची जी कल्पना हवी होती, तिच्यात बसण्यासाठी तो रोज रंग फाशी आणि रोज पुसून काढी.

मुखवट्याचा रंग पुढे उतरला, पण साचा टिकून राहिला. १९३९ सालच्या 'गॉन विथ द विंड'मध्ये हॅटी मॅक्डॅनियल हिने दासीची भूमिका केली. अटलांटा येथील भव्य शुभारंभाला तिला उपस्थित राहता आले नाही, कारण तेथील कायद्याने वर्णांची सरमिसळ निषिद्ध होती. १९४० मध्ये त्याच भूमिकेसाठी तिला ऑस्कर पारितोषिक मिळाले. असा मान मिळविणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभ ज्या हॉटेलात झाला, तेथे कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. निर्मात्याने रदबदली केल्यामुळे तिला प्रवेश मिळाला, पण तिचे आसन सहकलाकारांपासून दूर, भिंतीलगतच्या लहानशा टेबलापाशी होते. तेथून उठून ती पारितोषिक घेण्यास गेली. १९५२ मध्ये ती वारली, तेव्हा हॉलिवुडमधील दफनभूमीत विश्रांती मिळावी ही तिची इच्छाही वर्णभेदापायी नाकारली गेली. तिचे स्मारक तेथे उभे राहिले ते १९९९ मध्ये. तिने हॉवर्ड विद्यापीठाला दिलेले मूळ पारितोषिक कधी गहाळ झाले याचा उलगडा झाला नाही. २०२३ मध्ये अकादमीने त्याच्या जागी दुसरे दिले.

दासीच्या भूमिका स्वीकारल्याबद्दल तिच्यावर स्वकीयांकडूनही टीका झाली. कृष्णवर्णीयांच्या प्रमुख संघटनेच्या पुढाऱ्यांना या भूमिका समाजाची बदनामी करणाऱ्या वाटत. तो आक्षेप निराधार नव्हता. परंतु गुलामगिरीत जन्मलेल्या बापाच्या या मुलीला अन्य भूमिका देऊ करणारे कोणीच नव्हते, हेही तितकेच खरे. ज्याला निवडीचे स्वातंत्र्यच नाही, त्याच्या निवडीचा न्याय करणे सोपे नसते.

प्रेक्षक म्हणून काय दिसते?

पडद्यावरील प्रतिमेला पडद्याबाहेरून उत्तर देण्याचे काम पुस्तकांनी केले. त्यांपैकी जेम्स बाल्डविन याचे १९७६ साली प्रसिद्ध झालेले 'द डेव्हिल फाइंड्स वर्क' हे छोटेखानी पुस्तक आजही वाचण्याजोगे आहे. हार्लेम वस्तीत दारिद्र्यात वाढलेल्या बाल्डविनला चित्रपट व नाटके पाहण्याची गोडी लावली ती ऑरिला मिलर या गोऱ्या शिक्षिकेने. दहा-अकरा वर्षांच्या या मुलाची बुद्धी तिने हेरली, त्याच्याशी पुस्तकांबद्दल चर्चा केली आणि त्याला नाट्यगृहात नेले. संपूर्ण कृष्णवर्णीय नटसंचाने १९३६ मध्ये हार्लेममध्ये सादर केलेले 'मॅक्बेथ' त्याने तिच्याबरोबरच पाहिले. त्या शिक्षिकेमुळे आपण गोऱ्यांचा सरसकट द्वेष करू शकलो नाही, हे त्याने पुढे कृतज्ञतेने नमूद केले. एका शिक्षिकेने अभ्यासक्रमाबाहेर दिलेल्या काही तासांचे हे फळ आहे.

बाल्डविनच्या विवेचनातील एक उदाहरण फार मार्मिक आहे. १९५८ सालच्या 'द डिफायंट वन्स'मध्ये सिडनी प्वाटिए आणि टोनी कर्टिस हे एका साखळीने जखडलेले दोन कैदी पळून जातात. अखेरीस साखळी तुटते, कृष्णवर्णीय कैदी धावत्या मालगाडीत चढतो. पण गोऱ्या सोबत्याला चढता येत नाही असे पाहून तोही खाली उडी घेतो. गोऱ्या प्रेक्षकांना या त्यागाने भरून आले. हार्लेममधील प्रेक्षक मात्र संतापले आणि त्या वेड्याने पुन्हा गाडीत चढावे म्हणून ओरडू लागले. दृश्य एकच, परंतु एका प्रेक्षागृहाला त्यात क्षमा मिळाल्याचे समाधान वाटले आणि दुसऱ्याला आपली सुटका हातची गेल्याचे दुःख. कलाकृती कोणासाठी रचली गेली, याचे याहून स्पष्ट उत्तर कोणते?

बाल्डविनचा रोख प्वाटिएवर नव्हता. भूमिकेत नसलेली प्रतिष्ठा या नटाने आपल्या अभिनयाने तिच्यात आणली, असेच त्याचे मत होते. १९६४ मध्ये प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर प्वाटिएला मिळाले, आणि त्याच वर्षी तो मित्र हॅरी बेलाफॉन्टेसह मिसिसिपीतील ग्रीनवुड गावी नागरी हक्कांच्या कार्यकर्त्यांसाठी सुमारे ७० हजार डॉलर रोख घेऊन गेला. वर्णद्वेष्ट्यांच्या टोळ्यांनी त्यांच्या मोटारीचा पाठलागही केला. पडद्यावर ज्याला सोशिकपणाचे प्रतीक मानले गेले, त्याचे हे दुसरे रूप कोणत्याही चित्रपटात आलेले नव्हते. ते कळले आत्मचरित्रांतून.

उघडपणे बोलण्याची किंमत किती असते, हे पॉल रोबसन याने त्याआधीच भोगले होते. 'ओल् मॅन रिव्हर' या गीतातील हताशेचे शब्द बदलून तो संघर्षाचे शब्द गाऊ लागला. आपल्याकडे भूपेन हजारिका यांच्या ब्रह्मपुत्रेवरील गीताची प्रेरणा याच गाण्यात आहे. सरकारने १९५० मध्ये रोबसनचे पारपत्र काढून घेतले. ते त्याला परत मिळाले १९५८ मध्ये. त्या आठ वर्षांत परदेशचे कार्यक्रम बंद, मायदेशातील सभागृहे बंद. त्याच १९५८ साली त्याचे 'हिअर आय स्टँड' हे पुस्तक आले.

सही कोणाची, पैसा कोणाचा?

प्रतिमेचा प्रश्न अखेर पैशाच्या प्रश्नाशी येऊन मिळतो. 'हाउंड डॉग' हे गाणे बिग मामा थॉर्नटन हिने १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केले आणि ते कृष्णवर्णीय श्रोत्यांत कमालीचे गाजले. १९५६ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली याने तेच गाऊन जग जिंकले. आपल्या वाट्याला त्या गाण्यापायी जेमतेम ५०० डॉलर आले, असे थॉर्नटन सांगत असे. गाणे दोन गोऱ्या तरुणांनी लिहिलेले होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. पण त्यामुळे मुद्दा अधिकच स्पष्ट होतो. गाण्यात प्राण ओतणाऱ्या गायिकेचा त्या कागदावर कोठेही हक्क नव्हता.

याला अपवादही घडले. रे चार्ल्स याने १९५९च्या सुमारास नव्या कंपनीशी करार करताना आपल्या मूळ ध्वनिमुद्रिकांची मालकी राखून घेतली, आणि सॅम कुक याने स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली. अमेरिकेच्या १९७६च्या कायद्याने लेखक-संगीतकारांना दिलेले हक्क ३५ वर्षांनी परत मागण्याची मुभा दिली. परंतु कंपनीच्या नोकरीत वा तिच्या सांगण्यावरून केलेल्या कामाला ही मुभा लागू नाही, आणि चित्रपट बहुधा याच सदरात मोडतात. कूग्लर यांनी कायद्याने न दिलेले करारातून मिळविले, ते या अर्थाने.

एका यशस्वी दिग्दर्शकाने मिळविलेली सवलत म्हणजे साऱ्या समाजाची मुक्तता, असा याचा अर्थ लावता येणार नाही. वाद्यवृंदातील वादक, नृत्यपथकातील मुली, पडद्यामागील कारागीर यांना असा करार कोण देणार? हा आक्षेप रास्त आहे. तरीही आजवर ज्या अटीला अशक्य म्हटले जाई, ती शक्य असल्याचे एकदा सिद्ध झाले की पुढच्याला ती मागताना संकोच वाटत नाही.

हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ मध्ये लिऑन अॅबी याचे कृष्णवर्णीय वादकांचे पथक आले आणि पाठोपाठ टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्यापासून गोव्याचे वादक जॅझ शिकले. त्यांपैकी चिक चॉकलेट याची तुतारी सी. रामचंद्र यांच्या 'अलबेला' (१९५१) मध्ये घुमली. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, फ्रँक फर्नांड यांनी हिंदी चित्रसंगीताची स्वरमांडणी केली. पण श्रेयनामावलीत त्यांची नावे क्वचितच दिसली. नरेश फर्नांडिस यांच्या २०१२ मधील 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकाने हा इतिहास उजेडात आणला. त्याच वर्षी भारताच्या प्रताधिकार कायद्यातील दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांना स्वामित्वधनाचा असा वाटा दिला, की तो त्यांच्याकडून लिहून घेता येत नाही. स्वरमांडणी करणारे आणि वादक यांचा आवाज मात्र आजही क्षीणच आहे. आणि तमाशाच्या फडाचे काय? १९५७ व १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाई नारायणगावकर यांची अखेरची वर्षे २००२ पर्यंत विपन्नावस्थेतच गेली.

पारितोषिक देणे समाजाला सोपे जाते, कारण त्यात देणाऱ्याचा मोठेपणा शाबूत राहतो. हक्क देताना मात्र देणाऱ्याला आपला वाटा सोडावा लागतो. हॅटी मॅक्डॅनियलला ऑस्कर मिळाले, पण सहकलाकारांच्या टेबलाशी बसण्याचा हक्क मिळाला नाही. पंचवीस वर्षांनंतर एका चित्रपटाची मालकी कोणाकडे जाईल ही किरकोळ व्यावहारिक बाब वाटली, तरी तिच्याकडे लक्ष द्यायचे ते याचसाठी. आवडते गाणे ऐकताना टाळ्या वाजविणाऱ्याने, हे गायले कोणी आणि त्याचे पैसे कोणाला मिळाले, एवढी चौकशी केली तरी या दीर्घ अन्यायाची निदान ओळख पटेल.