विलंबाचा कर्ता कोण?

दोन ध्वनिमुद्रकांमधून एकच फीत फिरवून रचलेल्या संगीताचा दाखला ‘लेखकाच्या मृत्यू’च्या समर्थनार्थ दिला जातो. युक्तिवाद असा : संगीतकार व्यवस्था उभी करतो व बाजूला होतो, स्वरांची गुंफण पुढे यंत्रच करते, म्हणून येथे कर्ता नाही, केवळ प्रक्रिया आहे. ब्रायन ईनो यांच्या ‘डिस्क्रीट म्यूझिक’ (१९७५) या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर यंत्रजोडणीची आकृतीच छापलेली असल्याने या मताला आधारही सहज सापडतो. तथापि प्रक्रिया नीट न पाहताच हे मत बनलेले आहे.

पहिला ध्वनिमुद्रक स्वर मुद्रित करतो. तीच फीत काही अंतरावरील दुसऱ्या ध्वनिमुद्रकापर्यंत पोचली की तो स्वर पुन्हा ऐकू येतो. फितीची गती सेकंदाला ७.५ इंच आणि मुद्रण ते पुनर्वादन हे अंतर ६० इंच असेल, तर विलंब ८ सेकंदांचा होतो. परतलेला स्वर पुन्हा पहिल्या यंत्राकडे वळवला की नव्या स्वरासह तोही मुद्रित होतो आणि थरावर थर साचतात. क्रमाने आलेले स्वर अशा रीतीने एकसमयी होतात. हा स्वरमेळ मात्र स्थिर नसतो. प्रत्येक फेरीत उच्च कंप्रता झिजतात, खरखर वाढते, जुना थर मागे सरतो. परतणाऱ्या ध्वनीची पातळी चढली तर सारा गलबला होतो, उतरली तर थर विरून जातात. ती पातळी, विलंबाची लांबी, नवा स्वर घालण्याचा क्षण हे निर्णय यंत्र घेत नाही.

पॉलिन ऑलिव्हेरॉस यांची ‘बाय बाय बटरफ्लाय’ (१९६५) ही सुमारे ८ मिनिटांची कृती या दृष्टीने निर्णायक ठरते. दोन ऑसिलेटर, विलंबासाठी जोडलेले दोन ध्वनिमुद्रक आणि पुच्चीनी यांच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या संगीतिकेची तबकडी एवढ्या सामग्रीतून, प्रत्यक्ष वादनातच ती घडली. संगीतिकेतील स्वर विलंबाच्या थरांत गुरफटत जातात. हा निरोप एकोणिसाव्या शतकाच्या संगीताला आहे, तसाच स्त्रीचे दमन करणाऱ्या त्या काळाच्या नीतिव्यवस्थेलाही आहे, असा अर्थ ऑलिव्हेरॉस यांनीच सांगितला होता. विलंबतंत्रावर १९६९ मध्ये त्यांनी निबंधही लिहिला. कर्ताच नाही असे ठरवले, तर हा निरोप दिला कोणी?

रोलां बार्त यांच्या १९६७ च्या निबंधाचा रोख संहितेच्या अर्थावर लेखकाने गाजवायच्या अधिसत्तेवर होता. कृतीमागील निर्णय कोणाचेच नसतात, असे त्यात अभिप्रेत नाही. जिला ती अधिसत्ता कधी लाभलीच नव्हती, त्या स्त्रीचे कर्तृत्व त्याच न्यायाने पुसणे हा सिद्धान्ताचा उघड गैरवापर होय.

या तंत्राचा १९६३ मध्येच पॅरिस येथे अवलंब करणारे टेरी रायली १९७० मध्ये किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य झाले. त्या परंपरेला आवर्तन नवे नाही. तालाचे चक्र आधीच ठरलेले असते, म्हणून ख्याल कोणी गायलाच नाही, असे मैफलीतला कोणताही श्रोता म्हणणार नाही. परकीय परिभाषा मराठीत आणणाऱ्या समीक्षेने निदान या श्रोत्याइतके तरी सावध असावे.