हरवलेले वाय-फाय

ग्वाल्हेरच्या पाटणकर बाजारातून एका वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी जेथे पडली त्या लष्कर भागातील हा बाजार. तेव्हापासून तेथे मराठी घरे नांदत आहेत. भगिनी लिहितात की, मुलीच्या शिक्षणासाठी त्यांनी एक जुना लॅपटॉप घेतला होता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि नवे विंडोज त्या यंत्रास पेलेना, म्हणून भाच्याने त्यावर लिनक्स बसविले. सारे सुरळीत झाले, परंतु वाय-फायची खूण पडद्यावरून नाहीशी झाली. एका कारागिराने कार्ड जळाल्याचे सांगून नवे यंत्र घेण्याचा सल्ला दिला. महाविद्यालयाच्या अर्जाची मुदत तर जवळ आली आहे. यंत्र टाकून द्यावे काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

टाकू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आदल्या सायंकाळपर्यंत विंडोजवर वाय-फाय चालत होते, असे पत्रातच आहे. प्रणाली बदलल्याने कार्ड जळत नाही. कारागिराने एवढे विचारले असते तरी पुष्कळ झाले असते.

प्रथम अर्जाचे पाहावे. मोबाइल चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडावा व मोबाइलच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. लिनक्स अशा मोबाइलला तारेचे जाळे समजून बहुधा लगेच ओळखते. मात्र तार केवळ चार्जिंगची नसावी. हीच तार पुढे दुरुस्तीच्याही कामी येईल.

आता कारणाचा शोध घेऊ. कित्येक लॅपटॉपांच्या कडेस वाय-फायचा लहानसा खटका असतो, किंवा वरच्या ओळीत विमानाचे चित्र असलेली कळ असते. ती चुकून दाबली गेली की सारे बंद पडते. खात्री करण्यासाठी टर्मिनल उघडावे. त्यात इंग्रजी लहान अक्षरांत आर, एफ, के, आय, एल, एल असे सलग लिहून, जागा सोडून ‘लिस्ट’ हा शब्द लिहावा. उत्तरात ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ पुढे ‘येस’ दिसले, तर पहिल्या शब्दानंतर ‘अनब्लॉक ऑल’ लिहिल्याने बंधन सुटते. ‘हार्ड ब्लॉक्ड’ पुढे ‘येस’ असेल तर बहुधा तो बाहेरचा खटकाच हाताने सरकवावा लागतो. आज्ञा लिहून उपयोग नाही.

खटका निर्दोष असल्यास यंत्रास कार्ड दिसते की नाही ते पाहावे. एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरे लिहिताच यंत्राच्या पोटातील भागांची यादी येते. तीत ‘नेटवर्क कंट्रोलर’ या शब्दांजवळ ब्रॉडकॉम, इंटेल, रियलटेक अथवा दुसऱ्या कोणा कंपनीचे नाव आढळले, तर कार्ड जिवंत आहे असे धरून चालावे. उणीव बहुधा त्यास चालविणाऱ्या मजकुराची असते.

हे थोडे समजावून सांगावयास हवे. वाय-फायच्या चिपला स्वतःची एक छोटी आज्ञावली लागते. तीस फर्मवेअर म्हणतात. यंत्र सुरू होताना ती चिपमध्ये भरावी लागते. तिचे हक्क कंपनीकडे असतात आणि तिचा मूळ मजकूर कंपनी उघड करीत नाही. लिनक्स तर खुल्या मजकुराच्या तत्त्वावर उभे. म्हणून डेबियनसारख्या मंडळींनी ती फाइल आपल्या मूळ संचाबाहेर ठेवली होती. २०२२ साली त्यांनी मतदान घेऊन हा नियम सैल केला, आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून अशा फाइली संचातच येऊ लागल्या. रायगड जिल्ह्यातील खैराट गावच्या शाळेत २००७ साली मुलांना जे हिरवे-पांढरे लॅपटॉप मिळाले, तेही लिनक्सवरच चालत. वाय-फायसाठी त्यांचे दोन कान उभे करावे लागत. मोकळेपणाचा एवढा गाजावाजा झालेल्या त्या यंत्रातही वाय-फाय चिपची आज्ञावली बंदिस्तच होती! तत्त्व आम्हांस मान्य आहे. तथापि मुलीचा अर्ज तत्त्वासाठी अडून राहावा हे काही बरे नव्हे.

गंमत अशी की, वाय-फायची फाइल आणण्यास इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठी वाय-फाय हवे. म्हणूनच मोबाइलची तार. ती जोडलेली ठेवून उबुंटू किंवा मिंट असल्यास ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ अथवा ‘ड्रायव्हर मॅनेजर’ ही खिडकी उघडावी. जुन्या ब्रॉडकॉम कार्डांचा ड्रायव्हर तेथे पुष्कळदा मिळतो. तो निवडून यंत्र पुन्हा सुरू करावे. मध्येच परवलीचा शब्द ठरविण्यास सांगितले तर तो कागदावर टिपून ठेवावा, कारण यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तोच पुन्हा विचारला जातो. घाईने ती पायरी ओलांडल्यास ड्रायव्हर असूनही चालत नाही.

शेजारची सर्व जाळी दिसतात व घरचेच दिसत नाही, असे पुढे झाल्यास राउटर १२ वा १३ क्रमांकाच्या वाहिनीवर आहे काय ते पाहून त्यास १, ६ किंवा ११ वर आणावे. अमेरिकेच्या नियमांवर बेतलेली काही कार्डे त्या दोन वाहिन्यांकडे पाहतच नाहीत.

यादीत कार्डाचे नावच नसेल, तरच यंत्र उघडण्याचा विचार करावा. कार्ड सैल झाले असण्याचाही संभव आहे. ते खरोखर निकामी निघाले तर यूएसबीत खोचावयाचे लहान वाय-फाय उपकरण बाजारात मिळते. पैसे देण्यापूर्वी त्यातील चिप कोणती व ती लिनक्सवर चालते काय, हे विचारून, जमल्यास लॅपटॉप बरोबर नेऊन दुकानातच लावून पाहावे.