प्रतीक्षागृहातील घालमेल

डॉक्टरांपुढे जाण्याआधी मनुष्याच्या अंतःकरणात जी घालमेल उत्पन्न होते, तिला भित्रेपणा म्हणून हिणवण्याचा आपल्याकडे जो प्रघात पडला आहे, तो माझ्या मते अज्ञानमूलक तर आहेच, पण निष्ठुरही आहे. ‘एवढं काय घाबरायचं त्यात, डॉक्टर काय खातात का तुला?’ असे म्हणणारा नातलग सद्‌हेतूनेच बोलत असतो. परंतु ज्याच्या घशाला कोरड पडली आहे, ज्याचे तळहात घामेजले आहेत आणि ज्याला थोड्याच वेळात दुसऱ्यांदा लघवीला जावे लागले आहे, त्याला त्या वाक्याने धीर न येता आपल्या भयाची लाज मात्र वाटू लागते, आणि मग ते भय तो खुद्द डॉक्टरांपासूनही लपवतो.

वस्तुतः या घालमेलीशी धैर्याचा संबंध फारच थोडा. हार्वर्ड विद्यापीठातील शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात विशद केल्याप्रमाणे, संकटाची चाहूल लागताच मूत्रपिंडांच्या माथ्यावरील ग्रंथींतून अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात, यकृत साखर मोकळी करते आणि पचनाचे कार्य मंदावते. पळण्यासाठी अथवा झुंजण्यासाठी शरीराने केलेली ही सिद्धता. आणि बाकड्यावर केसपेपर धरून बसलेल्या मनुष्याला यांपैकी काहीच करावयाचे नसल्यामुळे ती सगळी छातीतली धडधड आणि पोटातला गोळा होऊन त्यालाच जाचत राहते.

भय लपवल्याने नुकसान होते ते निदानाचे. इटलीतील ज्युसेप्पे मान्चिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली, रुग्णांच्या धमनीतील रक्तदाब अखंड नोंदवीत असता, असे पाहिले की डॉक्टर खाटेजवळ येताच वरचा आकडा काही मिनिटांत सरासरी सुमारे २७ मिलीमीटरने चढतो. घरी ज्याचा रक्तदाब १३० असतो, त्याची नोंद तपासणीच्या खोलीत १५५ अशी होणे यात म्हणूनच नवल नाही. परंतु त्या एका आकड्यावर आयुष्यभराच्या गोळ्या सुरू झाल्या, तर तो अन्याय होय. यास्तव पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून, न बोलता बसल्यावरच रक्तदाब मोजावा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू वर्ज्य करावी आणि मोजमाप एकदा नव्हे, दोनदा करावे, असा वैद्यकाचा दंडक आहे. धापा टाकीत जिना चढून आलेल्या रुग्णाने ‘डॉक्टर, मला फार धडधडतंय, जरा थांबून पुन्हा मोजता का?’ असे निःसंकोच म्हणावे. हा त्याचा हक्क आहे.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे १९४१ सालापासून देशभरचे कर्करोगी येत आले आहेत. तेथे एक वयस्क बाई मी पाहिल्या होत्या. मांडीवरच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्या रिपोर्ट काढीत, तारखांप्रमाणे लावीत, पुन्हा पिशवीत घालीत आणि थोड्या वेळाने तोच क्रम आरंभीत. शेजारच्या मुलीने अखेर त्यांना विचारले, ‘मावशी, डॉक्टरांना काय काय विचारायचंय? सांगा, मी लिहून घेते.’ केसपेपरच्या मागच्या बाजूस चार प्रश्न उतरले, आणि बाईंचे हात पिशवीवर स्थिर झाले. अस्वस्थ मनाला निश्चित काम मिळाले की ते काही अंशी तरी निवते. शिवाय भयाच्या भरात आत ऐकलेले पुष्कळसे विसरले जाते, म्हणून लिहिलेला कागद आणि सोबत आलेले दुसरे माणूस यांचे मोल फार मोठे. श्वासाचेही तसेच: उच्छ्वास दीर्घ आणि सावकाश केला असता हृदयाची गती खरोखरीच मंदावते, आणि त्याकरिता कोणत्याही योगवर्गाची फी भरावी लागत नाही.

परंतु सारा भार रुग्णाच्याच शिरावर टाकणे मला मान्य नाही. किती वेळ थांबायचे हे ठाऊक असलेली प्रतीक्षा मनुष्य सोसतो. अनिश्चित आणि अकारण भासणारी प्रतीक्षा त्याला पोखरते. डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली रांगांच्या मानसशास्त्रावर लिहिताना हेच प्रतिपादिले, आणि आपल्या कित्येक दवाखान्यांतून अद्याप त्याची दखल नाही. सकाळी दहाची वेळ दिलेली असते, साडेअकरा वाजतात, ‘मामा, आमचा नंबर कधी?’ या प्रश्नाला ‘बसा आजी, बोलावतील’ एवढेच उत्तर मिळते, आणि पुकारा ऐकू येणार नाही या धास्तीने आजी पाणी प्यायलाही उठत नाहीत. डॉक्टरांना शस्त्रक्रियेत वेळ लागतो, तातडीचे रुग्ण मध्येच येतात, हे सर्वांना समजते. समजत नाही ते मौन. दारावर एक फळा टांगावा, त्यावर चालू क्रमांक आणि होणारा विलंब दर अर्ध्या तासाला खडूने लिहावा, आणि उठून गेलेल्याचा नंबर बुडणार नाही असे स्पष्ट सांगावे. एवढी तजवीज करण्यास सरकारी मंजुरी लागत नाही की स्वतंत्र खर्चही पडत नाही. शहरातल्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्याच्या चालकांनी ती याच आठवड्यात करावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.